ओवी लिहिली, नंबर टाकला, पण प्रत कुठली? धर्माच्या पेपरात संदर्भ द्यायची रीत

दरवर्षी उन्हाळा लागायच्या टायमाला माझ्याकडं एमएच्या लेकरांचे पेपर आणि लघुप्रबंध वाचायला येतात. कुणी कन्नडचं, कुणी जिंतूरचं, कुणी पार उदगीरकडचं, आणि विषय एकाहून एक चांगले असतात, नाथांची भारुडं, खुलताबादचे दर्गे, नांदेडचा गुरुद्वारा, मिलिंद कॉलेजच्या परिसरातली धम्मचळवळ. लिहितातही मनापासून. पण तळटीप बघायला जावं तर लिहिलेलं असतं "संदर्भ : ज्ञानेश्वरी" आणि पुढं काहीच नाही. आता ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत, त्यात तुमची कुठली ते मी कसं शोधू? हे म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवर फक्त "मराठवाडा" छापून पाव्हण्यांना बोलावल्यासारखं झालं.

मागच्या वर्षी एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, ही ओवी तर आमच्या गावात म्हाताऱ्या बाया पण म्हणतात, तिला नंबर काहून पाहिजे?" प्रश्न मला आवडला, कारण त्यात खरी गोष्ट होती. गावात ओवी सगळ्यांची असते, तिथं नंबर लागत नाही. पण पेपरात तुम्ही त्या ओवीवरून काहीतरी सिद्ध करायला निघालेले असता, आणि वाचणाऱ्याला तुमच्याइतकंच त्या ओवीपर्यंत पोचता आलं पाहिजे, त्यानं पुस्तक उघडावं, बोट ठेवावं आणि म्हणावं हो, आहे बुवा इथं. संदर्भ म्हणजे एवढंच. बाकीचे स्वल्पविराम, कंस, तिरपी अक्षरं हे सगळं नंतरचं.

आणि हे काम आपल्याकडं काल-परवा इंग्रजांकडून आलं असं समजू नका. पैठणच्या नाथमहाराजांनी शके १५०६ ला, म्हणजे १५८४ ला, ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या पोथ्या पुढ्यात घेऊन, पाठ ताडून, शुद्ध प्रत तयार केली. का केली तर मधल्या तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ बिघडले होते, लोकांनी आपल्या पदरच्या ओव्या घुसवल्या होत्या. नाथांनी शेवटी लिहून ठेवलंय की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्यानं "अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली", अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं. वर शक सांगितला, संवत्सराचं नाव सांगितलं, काम कुणी केलं ते सांगितलं. संपादक, वर्ष, आवृत्ती, सगळी माहिती आली की! गोदाकाठच्या माणसानं साडेचारशे वर्षांमागं हे केलंय आणि आपण व्हॉट्सॲपवरून ओवी उचलून पेपरात टाकावी, हे मला खरंच लागतं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अध्याय-ओवीचा नंबर अर्धाच संदर्भ असतो. उरलेला अर्धा म्हणजे प्रत. ज्ञानेश्वरीचंच घ्या. साखरे महाराजांची प्रत आहे, कुंटे प्रत आहे, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांची आहे जी त्यांनी आपल्या बीडमध्ये सापडलेल्या जुन्या पोथीवरून १९०९ ला छापली आणि जिचा पाठ नाथांच्या परंपरेतल्या पाठापेक्षा बऱ्याच ठिकाणी वेगळा पडतो. एका प्रतीत असलेली ओवी दुसरीत नाही, किंवा एखादी जास्त आहे, असं झालं की पुढचे सगळे नंबर सरकतात. लांबचं कशाला, घरातल्या पारायणाच्या ज्ञानेश्वरीत पसायदानाच्या पहिल्या ओवीचा नंबर बघा आणि मग लायब्ररीतल्या दुसऱ्या प्रकाशनाची काढून तोच नंबर बघा. अठराव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत येता येता किती फरक पडतो ते एकदा डोळ्यांनी बघितलं की परत कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून माझ्याकडच्या लेकरांना मी असं करायला लावते. ज्ञानेश्वरी पहिल्यांदा जिथं येते तिथं तळटीपेत पूर्ण माहिती द्यायची, ग्रंथाचं नाव, संपादक, प्रकाशक, गाव, वर्ष, कितवी आवृत्ती, आणि शेवटी एक वाक्य की "यापुढील सर्व ओवीक्रमांक याच प्रतीचे". एकदा हे लिहिलं की पुढं मजकुरातच कंसात "ज्ञाने. ९.१२" असं टाकलं तरी भागतं, पहिला आकडा अध्याय, दुसरा ओवी. पान नंबर ओवीला द्यायची गरज नाही, उलट देऊ नका, कारण पान प्रत्येक छपाईला बदलतं. पण त्याच पुस्तकातली प्रस्तावना नाहीतर संपादकाची टीप वापरली तर मात्र पान नंबर पाहिजे आणि नाव संपादकाचं पाहिजे, ज्ञानदेवांचं नाही. हा घोटाळा मी दर दुसऱ्या पेपरात बघते, संपादकानं लिहिलेला सोपा अर्थ उचलायचा आणि म्हणायचं "ज्ञानेश्वर म्हणतात".

कोण बोलतंय हे ओळखणं धर्माच्या पेपरात सगळ्यात अवघड असतं, म्हणून जरा थांबून सांगते. गीतेच्या नवव्या अध्यायात ३२ वा श्लोक आहे, स्त्रिया, वैश्य, शूद्र आणि "पापयोनि" सुद्धा माझा आश्रय घेऊन परम गतीला जातात असा. ज्ञानदेव त्यावर ओव्या लिहितात आणि तिथं "क्षत्री वैश्य स्त्रिया, कां शूद्र अंत्यजादि" असं म्हणतात, की या जाती तोवरच वेगळ्या जोवर मला येऊन मिळाल्या नाहीत. आता "अंत्यज" हा शब्द गीतेच्या त्या श्लोकात नाही, तो ज्ञानदेवांनी आणलाय. तुम्ही जर लिहिलं की "गीतेत अंत्यजांचा उल्लेख आहे" आणि खाली ज्ञानेश्वरीचा नंबर दिला, तर नंबर बरोबर असूनही संदर्भ चूक. आणि नुसती चूक नाही, तुम्ही ज्ञानदेवांच्या हातून त्यांचं मोठं काम काढून घेतलं, तेराव्या शतकात मराठीतून त्यांनी जी जागा मोठी केली ती तुम्ही परत झाकून टाकली. म्हणून दोन्ही द्या. "गीता ९.३२" वेगळं आणि "ज्ञाने." वेगळं, आणि मधल्या फरकावर एक वाक्य लिहा. तुमचा पेपर तिथंच खरा सुरू होतो.

गीतेचा विषय निघालाच तर अजून एक अडचण. काही आवृत्त्यांत तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक जास्तीचा श्लोक असतो, "प्रकृतिं पुरुषं चैव" असा सुरू होणारा, काहींत नसतो. असला की श्लोक ७०१ होतात आणि त्या अध्यायापुरते सगळे नंबर एकानं पुढं जातात. तुमचा नंबर आणि गाइडच्या पुस्तकातला नंबर जुळंना झाला तर आधी हे तपासा. महाभारताचं तर विचारूच नका, पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे बऱ्याच पोथ्या ताडून ठरवलेली, १९६६ ला पूर्ण झाली, तिच्यात गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० अध्यायांत येते आणि बाजारात मिळणाऱ्या प्रचलित प्रतीत २५ ते ४२ मध्ये. दोन अध्यायांचा फरक! प्रत नाही लिहिली तर वाचणारा भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतो.

वेदाचं सोपं आहे, मंडल, सूक्त, ऋचा, म्हणजे पुरुषसूक्त लिहायचं तर ऋग्वेद १०.९० आणि त्यातली बारावी ऋचा असेल तर १०.९०.१२. फक्त हे सूक्त थोड्याफार फरकानं यजुर्वेदात आणि अथर्ववेदातही येतं, तर तुम्ही कुठलं वाचलं ते सांगा. आणि मनुस्मृतीबद्दल एक कळकळीची विनंती. ३.५६ चा "यत्र नार्यस्तु पूज्यन्ते" तेवढा उचलून निबंध लिहिणारेही येतात आणि ९.३ चा "न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति" तेवढा उचलून लिहिणारेही येतात. दोन्ही त्याच ग्रंथात आहेत. एक देऊन दुसरा लपवला तर नंबर कितीही बिनचूक असू द्या, वाचणाऱ्याची फसवणूकच आहे ती. दोन्ही नंबर द्या आणि मग काय म्हणायचं ते छातीठोकपणे म्हणा.

आता अभंग. इथं आपल्या लेकरांचे सगळ्यात जास्त हाल होतात कारण अभंग पाठ असतो, चाल पाठ असते, पण कुणाचा आणि कुठल्या गाथ्यातला हे कुणालाच सांगता येत नाही. तुकोबांच्या गाथ्याची सरकारी आवृत्ती १९५० ला निघाली, देहूची वेगळी, जोगमहाराजांची वेगळी, आणि एकाच अभंगाचा क्रमांक तिन्हीत तीन असू शकतो. म्हणून अभंगाला मी तीन गोष्टी मागते, गाथ्याची प्रत, अभंगक्रमांक आणि अभंगाचा पहिला चरण. पहिला चरण दिला की नंबर चुकला तरी माणूस सूचीतून शोधून काढतो. शेवटची दोन चरणं उद्धृत करायची असली तरी पहिला चरण टिपेत लिहाच.

मी एमएला असताना माझ्या एका पेपरात "तुका झालासे कळस" हे तुकाराम महाराजांच्या नावावर लिहिलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे विचारलं, "स्वतःला कळस कोण म्हणून घेईल?" मला घाम फुटला. तो अभंग संत बहिणाबाईंचा, तुकोबांच्या शिष्येचा, आणि बहिणाबाई कुठल्या तर देवगावच्या, कन्नड तालुका, वेरूळच्या जवळ. माझ्या जिल्ह्यातल्या बाईचा अभंग मी दुसऱ्याच्या नावावर लावून बसले होते. ती गोष्ट मी आजपण विसरले नाही. आणि याच्या पुढची चूक अशी की बहिणाबाई म्हटलं की गूगलवर खानदेशच्या बहिणाबाई चौधरी येतात, त्या १८८० च्या जन्माच्या, आणि पोरं सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंच्या अभंगाखाली त्यांचा फोटो आणि त्यांचा जन्म टाकून मोकळी होतात. नाव सारखं दिसलं की थांबा, शतक बघा, गाव बघा.

नामदेवांचंही तसंच. नरसीचे नामदेव आपल्या हिंगोली जिल्ह्यातले, पण नामदेवांच्या गाथ्यात छापलेलं सगळंच त्यांचं आहे असं अभ्यासक मानत नाहीत, नंतरच्या विष्णुदास नामा वगैरे कवींच्या रचना त्यात मिसळल्यात. त्यामुळं "नामदेव म्हणतात" असं ठोकून न देता "नामदेवगाथ्यात असा अभंग आहे" असं लिहा, जास्त खरं आहे ते. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंगही बहुतेक वेळा नामदेवांच्या गाथ्याला जोडून छापलेले असतात, तर कवयित्री म्हणून नाव जनाबाईंचं आणि ग्रंथ म्हणून गाथ्याचं, दोन्ही पाहिजे. बायकांची नावं अशीच टिपांमधून गळून जातात, कृपा करून गाळू नका.

आणि नामदेवांची वाणी गुरू ग्रंथ साहिबमध्येही आहे, ६१ पदं. नांदेडला जाऊन आलेल्या पोरांना हे माहीत असतं पण संदर्भ द्यायला लागले की "पान नंबर" लिहितात. तिथं पानाला अंग म्हणतात, एकूण अंग १४३०, आणि छापील बिडीत, म्हणजे ग्रंथाच्या प्रतीत, पानावरचा मजकूर ठरलेलाच असतो त्यामुळं इथं अंग नंबर दिला की काम झालं, जगात कुठंही तोच निघतो. उदाहरण सांगते, नामदेवांचं "एक अनेक बिआपक पूरक" हे पद आसा रागात, अंग ४८५. राग, कवी आणि अंग असं तिन्ही लिहिलं की फार छान दिसतं. अर्थ मात्र कुणाच्या अनुवादातून घेतला ते वेगळं लिहा.

दासबोधाला तर समर्थांनीच सोय करून ठेवलीय, वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणून दशक.समास.ओवी असे तीन आकडे टाकले की झालं. नाथांच्या भागवताला अध्याय आणि ओवी, पण ते भागवताच्या एकाच, अकराव्या स्कंधावर आहे हे विसरू नका, मूळ भागवताचा संदर्भ द्यायचा असेल तर स्कंध.अध्याय.श्लोक असा जाईल.

लीळाचरित्रावर, म्हणजे महानुभावांच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथावर, लिहिणाऱ्यांनी जास्त सांभाळायचं. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग आणि आत लीळांचे क्रमांक, पण प्रत बदलली की क्रमांक बदलतात, कोलत्यांची १९७८ ची प्रत वेगळी, तुळपुळ्यांची वेगळी. म्हणून लीळेचं शीर्षकही लिहा. आणि चक्रधरस्वामींनी स्वतः बसून हे लिहिलेलं नाही, म्हाइंभटांनी भक्तांच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा केल्या, तेव्हा "चक्रधर लिहितात" असं वाक्य लिहूच नका.

बौद्ध साहित्याकडं येते. धम्मपदाला गाथा क्रमांक, एकूण ४२३, वैराने वैर शमत नाही ही पाचवी, "सब्बपापस्स अकरणं" ही १८३ वी, इथं भांडण नाही. निकायांना, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहांना, मात्र दोन पद्धती चालतात, एक सुत्ताचा (उपदेशाचा) क्रमांक आणि दुसरी लंडनमध्ये सुरू झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीचा खंड आणि पान. मज्झिमनिकायात १५२ सुत्तं, दीघनिकायात ३४. सतिपट्ठान सुत्त मज्झिमात दहावं आणि महासतिपट्ठान दीघात बाविसावं, नाव जवळजवळ सारखं, तेव्हा कुठलं ते स्पष्ट लिहा. कुठली पद्धत घेतली ते सुरुवातीला सांगायचं आणि शेवटपर्यंत मोडायची नाही. पाली येत नाही म्हणून घाबरू नका, इगतपुरीच्या विपश्यना संस्थेनं अख्खं तिपिटक, म्हणजे सगळा पाली बौद्ध ग्रंथसंग्रह, देवनागरीत छापलंय, निदान मूळ ओळ डोळ्यांखालून घालता येते.

आपल्या भागात बाबासाहेबांच्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" वरून जास्त लिहितात, आणि ते बरोबरच आहे, आपल्या विहारांमध्ये वाचला जाणारा ग्रंथ आहे तो. पण इथंही कोण बोलतंय ते बघायचं. सिद्धार्थानं घर सोडलं ते म्हातारा, आजारी, प्रेत बघून, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच नाकारलीय आणि शाक्य आणि कोलिय या दोन गणांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या भांडणातून ते कारण मांडलंय. म्हणजे "रोहिणीच्या वादामुळं गृहत्याग" हे लिहिलं की खाली बाबासाहेबांचा ग्रंथ आला पाहिजे, खंड, भाग आणि परिच्छेद क्रमांकासकट, "पाली साहित्यानुसार" असं मोघम नाही. बाबासाहेबांनी काय नाकारलं, काय नव्यानं मांडलं हे त्यांचं स्वतःचं विचारांचं काम आहे आणि नीट संदर्भ दिला की ते उठून दिसतं. ग्रंथ १९५७ ला, महापरिनिर्वाणानंतर आला, इंग्रजी मूळ शासनाच्या समग्र लेखन-भाषणांच्या अकराव्या खंडात आहे, तुम्ही मराठी अनुवाद वापरला असेल तर अनुवादक आणि त्या अनुवादाचं वर्ष लिहा. भाषणातलं वाक्य असेल तर ठिकाण आणि तारीखही. "बाबासाहेब म्हणाले होते" एवढंच लिहून कुठल्यातरी बॅनरवरचं वाक्य टाकू नका, त्यांच्या नावावर न बोललेली वाक्यं किती फिरतात ते तुम्ही बघताच. जो माणूस स्वतः पानापानाचे हवाले देऊन लिहायचा त्याच्यावर लिहिताना आपण ढिलाई करायची नाही.

कुराणाला सूरा आणि आयत, ११४ सूरा, "२:२५६" म्हणजे दुसऱ्या सूरेतली २५६ वी आयत, धर्मात सक्ती नाही ती. अनुवाद मराठीत, हिंदीत, उर्दूत बरेच आहेत आणि शब्द वेगळे पडतात, म्हणून अनुवादकाचं नाव पाहिजेच. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी, वेगळी आणि कुराण वेगळं, हे लिहायला लाज वाटते पण "कुराणात म्हटलंय" म्हणून हदीस दिलेले पेपर येतात. हदीसला संग्रहाचं नाव, म्हणजे बुखारी का मुस्लिम, त्यातल्या किताबचं नाव आणि नंबर, आणि नंबर कुठल्या आवृत्तीचा ते. खुलताबादवर काम करणाऱ्यांसाठी मलफूजात ही सोन्याची खाण आहे, सूफींच्या बैठकीतली बोलणी मुरीदांनी, म्हणजे शिष्यांनी, टिपून ठेवलेली. निजामुद्दीन औलियांचं "फवाइद-उल-फुआद" ज्यांनी टिपलं ते अमीर हसन सिजजी खुलताबादलाच दफन आहेत. त्यात मजलिशींच्या, म्हणजे बैठकींच्या, तारखा दिलेल्या आहेत, तर पान नंबराबरोबर मजलिस आणि तारीख लिहा. पुन्हा तेच, बोलले निजामुद्दीन, लिहिलं हसन यांनी, अनुवाद केला तिसऱ्यानं, तिन्ही नावं टिपेत आली पाहिजेत.

बायबलला पुस्तक, अध्याय, वचन, योहान ३:१६ असं, आणि कुठलं भाषांतर ते, पंडिता रमाबाईंचं का बायबल सोसायटीचं. स्तोत्रांचे नंबर जुन्या कॅथलिक भाषांतरांत बहुतेक ठिकाणी एकानं मागं असतात, तेविसावं स्तोत्र तिथं बाविसावं. जैनांच्या तत्त्वार्थसूत्राला अध्याय आणि सूत्र, फक्त दिगंबर आणि श्वेतांबर पाठांत सूत्रांची संख्या वेगळी आहे तर परंपरा लिहा.

सनावळीचं थोडक्यात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदललं की फाल्गुनापर्यंत ७९. पोथीवर शके असेल तर आधी शके लिहा आणि कंसात इसवी, नुसतं आपलं गणित लिहू नका. हिजरीचंही तसंच, खुलताबादचे सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं निधन हिजरी ७३८, इसवी १३३७, दोन्ही द्यायचं.

हस्तलिखित बघायला मिळालं तर भाग्य समजा. पोथीच्या एका पत्राला दोन बाजू असतात, म्हणून पत्र १२ अ, १२ ब असं लिहायचं, कुणाच्या संग्रहात आहे, गाव कुठलं, दप्तर क्रमांक असेल तर तो. अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी तर कापडावर लिहिलेली, तिला पान कुठलं आलं, तिथं छापील संपादित प्रत वापरली का प्रत्यक्ष पासोडी बघितली हे सरळ वाक्यात सांगा. लेण्यांचंही असंच. "वेरूळच्या लेणीत" लिहू नका, लेणी ३४ आहेत, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. लेणी क्रमांक, भिंत कुठली, शिल्प कुठलं, आणि फोटो तुम्ही काढला असेल तर तारीख.

गावातल्या माणसांकडून घेतलेली माहिती हा पण संदर्भच आहे आणि माझ्या मते आपल्याकडच्या लेकरांची खरी ताकद तिथं आहे. नाथषष्ठीला पैठणला आलेल्या दिंडीतल्या आजीनं सांगितलेली गवळण कुठल्याच पुस्तकात नसेल. पण मग आधी विचारा, "आजी, मी हे लिहू का, तुमचं नाव टाकू का?" नाही म्हटलं तर नाव टाकायचं नाही, "वारकरी स्त्री, वय साठीच्या पुढं, गंगाखेड तालुका, मुलाखत" आणि तारीख एवढं पुरतं. हो म्हटलं तर नाव, गाव, तारीख, ठिकाण. तिनं जसं म्हटलं तसंच लिहायचं, तिची भाषा "सुधारायची" नाही. यूट्यूबवरचं कीर्तन घेतलं तर कीर्तनकार, चॅनल, अपलोडची तारीख आणि मिनिट-सेकंद लिहा, दोन तासांचं कीर्तन कोण ऐकत बसणार आहे. आणि कीर्तनात महाराजांनी ओवी सांगितली तर ती ओवी पुस्तकात उघडून बघितल्याशिवाय ज्ञानेश्वरीच्या नावावर लावायची नाही.

हेच दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेल्या उताऱ्याला लागू आहे. मूळ ग्रंथ मिळालाच नाही तर प्रामाणिकपणे "अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत" असं लिहा आणि त्या दुसऱ्या पुस्तकाचा पान नंबर द्या. न बघितलेल्या ग्रंथाचं नाव सूचीत घालायचं नाही. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, तिथं खाली दिलेल्या पुस्तकापर्यंत जा आणि ते पुस्तक वापरा. एआय चॅटबॉटला ओवीचा नंबर विचारला तर तो एकदम आत्मविश्वासानं सांगतो, मी पाच-सहा वेळा तपासलं, नंबर उघडला की दुसरीच ओवी निघते, आणि कधीकधी तर अशी ओवी असतच नाही. ही आजची करवंटी आहे. पुस्तक उघडल्याशिवाय नंबर लिहायचा नाही.

पद्धत कुठली, एपीए का एमएलए का शिकागो, हे तुमच्या विभागाला आणि गाइडला विचारा, माझं त्यात काही हट्टाचं म्हणणं नाही. एवढं लक्षात ठेवा की एपीएच्या सातव्या आवृत्तीपासून धर्मग्रंथही संदर्भसूचीत घालायचे असतात, आधी तसं नव्हतं, आणि शिकागोत धर्मग्रंथ बहुतेक टिपेतच राहतात. मराठीत "तत्रैव", म्हणजे "तिथंच", हे फक्त लगेच वरच्या टिपेसाठी वापरा, मधे दुसरी टीप आली की परत लेखकाचं नाव आणि पान लिहा, नाहीतर नंतर एखादी टीप मधे घातली की सगळे तत्रैव भलत्याच ग्रंथाकडं बोट दाखवायला लागतात. टाइप युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की ओव्यांचा चिवडा होतो. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ दाबलं की तळटीप येते, हातानं नंबर टाकत बसू नका.

पीएचडीवाल्यांना साहित्यचोरीची लई भीती असते की एवढ्या ओव्या टाकल्या तर सॉफ्टवेअर पकडील. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात संदर्भ देऊन अवतरणात घातलेला मजकूर मोजणीतून वगळायला सांगितलंय, दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा पण नाही. म्हणजे ओवी अवतरणचिन्हात आणि खाली संदर्भ असला तर घाबरायचं कारण नाही, अडचण होते ती कुणाचा तरी अर्थ आपला म्हणून लिहिल्यावर.

पेपर द्यायच्या आधी एक काम करा, मी सगळ्यांना करायला लावते. आपल्या पेपरातले कुठलेही पाच संदर्भ एका चिठ्ठीवर उतरवा आणि मैत्रिणीला घेऊन लायब्ररीत जा. चिठ्ठी तिच्या हातात द्या, तोंडानं काहीच सांगू नका, आणि तिला ती पाच ठिकाणं शोधू द्या. जिथं ती अडून तुमच्याकडं बघेल तिथं टिपेत काय कमी आहे ते तिलाच विचारा आणि उभ्या उभ्या पेन्सिलीनं लिहून घ्या.